रमजानमधली दुपारची भाकरी

अम्मी गेल्यावरचा तो पहिला रमजान. मार्चमध्ये आला होता, म्हणजे तासगावात बेदाण्याच्या शेडवर द्राक्षं वाळवायच्या जाळ्या भरायचे दिवस. अब्बा फौजेतून निवृत्त होऊन अशाच एका शेडवर राखणीला होते. घरात आम्ही दोघंच. मी पहाटे सहेरीचं करायची, संध्याकाळी इफ्तारीचं मांडायची. हात चालायचे, एवढंच. कुणी अम्मीचा विषय काढला तर दुसऱ्याच्या घरचं ऐकावं तसं ऐकून घ्यायची.

अम्मीला साखरेचा आजार होता. आदल्या रमजानात तिनं रोजे सोडले नाहीत, गोळ्या सोडल्या. चप्पल लागून पायाला झालेली जखम ईद होईपर्यंत कुणाला दाखवली नाही. सांगलीच्या दवाखान्यात नेलं तोवर पाय काळा पडला होता. तिथून ती परत आलीच नाही.

अब्बांनाही तोच आजार. तरी ते रोजे धरायला बसले. "तिनं सोडलं न्हाईत, आन् मी सोडू?" म्हणाले. मी वाद घातला नाही. वाद घालायला आत काही हलावं लागतं.

मग एका दुपारी शेडवरच्या ट्रॅक्टरनं त्यांना घरी आणलं. घामानं निथळत क्रेटांच्या मध्ये पडले होते. गल्लीच्या तोंडाशी राहणाऱ्या डॉक्टरांनी साखरेचं पाणी पाजलं. म्हणाले, "गोळी घेऊन उपाशी राहिल्यावर दुसरं काय होणार? रोजे नकोत." डॉक्टर गेल्यावर अब्बा भिंतीकडं तोंड करून पडले. "त्यांस्नी काय कळतंय आमचं?"

मी ओढणी घेतली आणि मशिदीच्या दारात जाऊन थांबले. असरची, दुपार कलतानाची नमाज सुटल्यावर मौलाना बाहेर आले. तरणे होते, मिरजेकडचे. घडलेलं सगळं मी त्यांना एका सुरात सांगितलं. त्यांनी अम्मीचं विचारलं, तेही सांगितलं. ते एका पायात चप्पल घालून तसेच उभे राहिले.

"आजाऱ्याला रोजा माफ असतोय, हे लोकांस्नी ठाऊक असंल असंच धरून चाललो," ते म्हणाले. "मशिदीत मिंबरवर उभा राहून कधी बोललोच न्हाई."

दुसऱ्या दिवशी भर दुपारी ते घरी आले. घरात आम्ही दखनी बोलतो, पण अब्बा फौजेत मराठ्यांच्या पलटणीत राहिलेले, मुद्द्याचं बोलणं मराठीतच चालायचं.

"चाचा, फौजेत साहेबानं सुट्टी दिली तर नको म्हणायचासा व्हय?"

"सुट्टी कोण सोडतंय?"

"मग आजारी माणसाला अल्लानंच सुट्टी दिलीया. ती परत करणारं तुमी कोण? शरीर त्याची अमानत हाय. राखण कशी करायची, ते तुमांस्नी मी काय शिकवू?"

"लोक बघतील, मौलानासाब."

"बघू द्यात. मी बसतो की समोर."

अब्बांच्या बदली रोज एका गरिबाला जेवू घालायला त्यांनी मला सांगितलं. मी पाठीमागच्या एकट्या म्हातारीकडं डबा पोचवू लागले. आणि अब्बा जेवायला बसले की मौलाना दार उघडं ठेवून त्यांच्यासमोर बसायचे. ओठ सुकलेले, स्वतःचा रोजा. पहिल्या दिवशी अब्बांच्या हातातला भाकरीचा तुकडा बराच वेळ तसाच राहिला. मग त्यांनी तो चावला, डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि ते चावत होते. मी पाण्याचा तांब्या ठेवला आणि चुलीपाशी जाऊन बसले. मला रडू आलं नाही. भूक लागली मात्र. पोटात खड्डा पडल्यासारखी, खरी भूक. माझा रोजा होता, तशीच बसून राहिले.

जुम्म्याला, शुक्रवारच्या नमाजीला, मौलाना खुत्ब्याचं प्रवचन सुरू करण्याआधी त्यावरच बोलले, असं अब्बांनी सांगितलं. गोळी चुकवणं ही इबादत नव्हे, रोजा धरण्याआधी डॉक्टरला विचारा, म्हणाले. मागं कुणीतरी पुटपुटलं. तेव्हा अब्बा उठून उभे राहिले आणि म्हणाले, "मी जेवून आलोय."

अब्बा पुढं बरीच वर्षं जगले. पायाचं एक बोट काढावं लागलं, तरी चालत राहिले.

पुढच्या रमजानाआधी गल्लीतल्या बायका मला घेऊन रोज्याचं विचारायला डॉक्टरांच्या स्टँडजवळच्या दवाखान्यात गेल्या. सगळ्यांना मनाई झाली नाही. शेजारच्या चाचीला त्यांनी गोळ्यांच्या वेळा बदलून दिल्या आणि धरा म्हणाले. ती इतकी खूश झाली, की एसटी स्टँडवर थांबून आम्हां सगळ्यांना तिनं चहा पाजला. स्वतःचा बिनसाखरेचा घेतला, एक घोट पिऊन तोंड वाकडं केलं आणि बायका हसल्या. मीही हसले असेन. चहा गरम होता, एवढं आठवतं.