हाराचा खिळा

कर्जतच्या बाजारात एक फ्रेमवाले चाचा होते. फोटो बसवायला दिला की ते हळूच विचारायचे, "हाराला खिळा ठोकू?" माणूस आहे की गेलं, हे थेट कसं विचारायचं, म्हणून ही त्यांची अदब. ठोका म्हटलं की क्षणभर हात थांबवायचे आणि मग कामाला लागायचे.

सत्तर-एकाहत्तर साल असेल. मी शाळेत शिकवत होते, लग्न केलं नव्हतं, आणि त्याबद्दल कुणी विचारलं की फटकन बोलायचे. खालापूरची आजोबांची भातगिरणी विकली गेली, तेव्हा तिच्या माळ्यावरून गोणपाटात गुंडाळलेलं एक चित्र टेंपोतून आमच्याकडे आलं. तैलरंगातलं, कोंड्याच्या धुळीनं आणि धुरानं पार काळवंडलेलं. डोळे बारीक करून बघितलं की आत एक बाई बसलेली दिसायची, नाहीतर नुसता काळोख.

वडील म्हणाले, "आमचे बाबा लिलावातनं काय काय उचलून आणायचे. असेल कुणाची तरी बायको. माझी आई तर ही नव्हे."

आत्या तेव्हा आमच्याकडेच राहायची. वडिलांची थोरली सावत्र बहीण. जन्म शेलूच्या भातशेतीत काढलेला, बोलणंही तिथलंच. ती सहा महिन्यांची असताना तिची आई गेली. फोटो नाही, काही नाही. आईची म्हणून एक नथ होती, तिचा एक मोती गळून तिथं लाल मणी ओवलेला. आई दिसायला कशी होती, हे आत्याला साठीपर्यंत कुणी धड सांगितलं नव्हतं. "चांगली होती," म्हणायचे. चांगली म्हणजे काय, कपाळ!

आत्या चित्रासमोर बसली ती बसलीच. "माजी आय हाय ती," म्हणाली.

"कशावरून गं?"

"तुला नाय कळायचं, बाय."

मग रोजचंच झालं. दुपारी नदीकडून वारा यायचा, उजेड भिंतीवरून सरकत सरकत चित्रापर्यंत पोचायचा, आणि तो चेहरा वर यायचा, खोल पाण्यातून यावा तसा. मी मुलांचे पेपर तपासता तपासता पेंगायचे. अर्धवट झोपेत वाटायचं, आपण तिघी बसलोय आणि तिसरी आता काहीतरी बोलणार. जाग आली की आत्या सांगायची, "हालली बग मगाशी." साठीची बाई आणि काय हा खुळेपणा, म्हणून मी चिडायचे. पण मान वळवून बघायचेही.

एकदा वडील जेवताना बोलून गेले, "कुणाच्या बायकोला आई म्हणून बसलीयस!" आत्या ताटावरून उठली. दुसऱ्या दिवशी मी चित्र काखोटीला मारलं आणि तिला घेऊन चाचांकडे गेले. म्हटलं, काय ते खरं-खोटं होऊन जाऊ दे एकदाचं.

चाचांनी कापसाचा बोळा जिभेवर ओला केला आणि चित्राच्या कोपऱ्यावर फिरवला.

"अवो! थुकता काय माज्या आयवर?"

"साबणानं रंग सुटेल, आत्या. तोंडातलं पाणीच मऊ. वडिलांनी शिकवलंय मला."

"मग पान खाऊन नका येऊ," आत्या म्हणाली आणि स्टुलावर बसून राखण करू लागली.

बोळ्यामागून बोळे काळे होत गेले. आधी कान निघाला, मग गाल. तिसऱ्या दिवशी नथ दिसली, आणि नथीत मोत्यांच्या मध्ये एक लाल मणी.

आत्या ओरडलीच. बाजारातली माणसं वळून बघायला लागली. "बग! म्हनली नवती मी?" तिनं कनवटीची नथ काढून चित्राला लावून धरली. माझ्या डोळ्यांना धारा लागल्या. एरवी मी रडणारी नव्हे. वडील दुकानात आले, दोन्ही नथी बघितल्या. "चुकलो गं ताई," म्हणाले, आणि येताना पेढे घेऊन आले.

चौथ्या दिवशी हात तेवढे उरले होते. डावा हात मांडीवर ठेवलेला. चाचांनी अंगठ्यावरून बोळा फिरवला, थांबले, पुन्हा फिरवला. "हा मळ नाही," म्हणाले. "रंगवलंय." अंगठ्याच्या मुळाशी एक आडवा, पांढुरका व्रण होता.

मी आत्याच्या हाताकडे पाहिलं. लहानपणी फणस चिरताना विळीवर कापलेला तिचा डावा अंगठा मी जन्मापासून बघत आले होते.

"जवसाच्या त्येलाचा वास येत व्हता," आत्या म्हणाली. झोपेत बोलावं तशी ती सांगत गेली. नऊ-दहा वर्षांची ती, गिरणीच्या मागच्या पडवीत खुर्चीवर बसवलेली. आईचं लुगडं, आईची नथ, केसांत गंगावन. कुणी दाढीवाला चितारी. हलू नकोस म्हणून बजावलेलं. समोर आजोबा, म्हणजे तिचे बा, बसून चिताऱ्याला सांगत होते, कपाळ जरा रुंद करा, गाल भरा. हनुवटी राहू द्या, ती अगदी तशीच आहे. तिच्या नाकावर माशी बसली आणि ती हलली. नेमके तेव्हाच आजोबा उठले, आणि रडत आत निघून गेले. ते चित्र पुन्हा कुणी पाहिलं नाही.

"मी हालले म्हून बिघडलं, आसं वाटलं मला," आत्या म्हणाली. "कुनाला इचारलं नाय. मग इसरूनच गेले बग."

आजोबांचा मला असा राग आला! पोरीला एक शब्द सांगायला काय झालं होतं त्या माणसाला? आणि आत्याची आई तर आत्ता, माझ्या डोळ्यांदेखत, दुसऱ्यांदा गेली होती. मला तिच्याकडे बघवेना.

आत्यानं मात्र चाचांचा विकायला ठेवलेला एक आरसा ओढून घेतला. त्यात बघत ती हनुवटी चाचपत राहिली. "तशीच हाय, म्हनले बा," ती पुटपुटली. "मंजी ही तरी आयची."

चाचांनी चित्र फ्रेमीत बसवलं आणि सवयीनं विचारलं, "हाराला खिळा ठोकू?"

आत्या चित्राकडे बघून हसली. "नको, चाचा. निम्मी जिती हाय अजून."

चाचांनी खिळा परत डबीत टाकला. पुढं पंधरा वर्षांनी तो मी ठोकला. हार एकच आणला, दोघींना पुरला.