हारुकाच्या प्रांताचं गाणं

काल मुलीनं सुशीसाठी आणलेली समुद्री शेवाळाची पानं गॅसवर शेकली, आणि त्या खारट वासानं मला थेट मेनूथ या परदेशातल्या विद्यापीठाच्या गावातल्या जुन्या घरात नेलं.

तिथे शिकत असताना हारुका माझी रूममेट होती. जपानच्या ईशान्य किनाऱ्यावरच्या मासेमारांच्या गावातली. एका सकाळी तिच्या गावाकडे मोठा भूकंप झाल्याची बातमी आली. आई तिथे एकटी, आणि फोन लागत नव्हता. किचनमध्ये उभी राहून ती पुन्हा पुन्हा नंबर फिरवत होती. मधेच ती शाळेत शिकलेलं आपल्या प्रांताचं गाणं पुटपुटू लागली. त्यात तिथले डोंगर, नद्या, खाड्या नावानिशी येत. तिसऱ्या कडव्यात ती अडकली.

"पुढचं आठवत नाहीये मला," ती घाबरून म्हणाली.

"पहिल्यापासून म्हण," मी तिचा गार पडलेला हात धरला. पुन्हा ती तिथंच अडकली.

दुपारी फोन वाजला. आईच होती. हारुकानं जपानीत घाईघाईनं काहीतरी विचारलं, आणि स्पीकरवर एक घोगरा आवाज गाऊ लागला. मला नवल वाटलं, अशा वेळी गाणं कसलं विचारते ही?

आता माझी आई नागपूरला एकटी असते. कितीही दुखत असलं तरी फोनवर "मी मस्त आहे" एवढंच सांगते. हारुकाची आईही तेच म्हणाली असती, हे मला आता कळतं. म्हणून तिनं आईला ते अडलेलं अख्खं कडवं म्हणायला लावलं; कुठे लागलं असतं तर गाताना कळलंच असतं. आईला कुठेच धाप लागली नाही. कडवं संपलं, तेव्हा कुठे हारुका खुर्चीत बसली.