साबणाच्या डबीतलं यंत्र

बाबांना ऐकू येईनासं झालं, त्याचा सगळ्यांत जास्त फायदा घरातल्या बाकीच्यांना झाला. माझ्या वडिलांनी बोरीच्या शाळेत हयात घातलेली. सारं गाव त्यांना गुरुजी म्हणायचं. शुद्धलेखनाच्या चुका त्यांना बोलण्यातसुद्धा ऐकू यायच्या! आता मात्र त्यांच्या खाटेशेजारी बसून कुणीही काहीही बोलावं, भांडावं, खुद्द त्यांच्याच चुगल्या कराव्यात. गुरुजी आपले शांतपणे सुपारी कातरत बसलेले.

मी तेव्हा, म्हणजे त्र्याहत्तर-चौऱ्याहत्तरच्या सुमारास, हैदराबादला रेडिओ इंजिनियर होतो. विमान चालवायला शिकणाऱ्या पोरांना वायरलेसवर कसं बोलायचं आणि कसं ऐकायचं, हे शिकवायचो. (बोरीत याचा अर्थ 'गुरुजींचा पोरगा इमान उडवतो' असा झाला होता. मी कधी हो म्हणालो नाही. 'नाही' तर मुळीच म्हणालो नाही!)

त्या उन्हाळ्यात परभणीच्या डॉक्टरांनी बाबांच्या पोटात गाठ असल्याचं सांगितलं. फार दिवस नाहीत, म्हणाले. बाबांना कळू द्यायचं नाही, असं आमचं ठरलं. आणि बहिऱ्या माणसापासून गोष्ट लपवायला कष्ट ते काय? आम्ही ती त्यांच्या उशाशी बसूनच लपवायचो.

मी रजा काढून बायकोमुलांसकट बोरीला आलो. येताना बाबांसाठी स्वतः यंत्र बनवून आणलं. साबणाच्या डबीत माइक, ट्रान्झिस्टर आणि सेल. डबी गळ्यात अडकवायची, वायरचं टोक कानात. जाण्याआधी नातवंडांचा आवाज त्यांच्या कानावर पडावा, एवढंच मनात होतं. आणखी काय काय पडेल, हे इंजिनियरला सुचलं नाही!

सगळ्यांना गोळा करून मी बटण दाबलं. नेमकी तेव्हाच माय स्वयंपाकघरात माझ्या धाकट्या बहिणीला, चारठाण्याहून आलेल्या शांताला, सांगत होती, "आता हिवाळा काय बघत न्हाईत ते."

बाबांचा अडकित्ता सुपारीवर थांबला.

"बाबा, ऐकू येतंय का?" मी विचारलं.

ते माझ्याकडं बघत राहिले. मग म्हणाले, "न्हाई."

मी डबी उघडली, चुलीत खिळा तापवून एक जोड पक्का केला. "आता?"

"न्हाई."

शेवटी मी डबीला तोंड लावून असा ओरडलो, की बाबांनी डोळे गच्च मिटले (मला वाटलं, पोटात कळ आली!) आणि शेजारचा सखाराम धावत आला. "काय झालं? गुरुजी गेले का?"

"न्हाई, यंत्र गेलंय," शांता म्हणाली. "दादा, इमानात बी असंच करतूस का रे?"

मुलं हसली, बायकोनं पदरात तोंड लपवलं. मी डबी काढायला लागलो, तर बाबांनी हात धरला. "राहू दे गळ्यात. पोरानं आणलंय."

आणि घरात भलतंच सुरू झालं. शांता मायला कुजबुजली, "आता तरी त्यान्ला मटण खाऊ द्यावं की." संध्याकाळी बाबा म्हणाले, "शांते, आज मटण कर." मी बायकोला म्हणालो, बाबांना एकदा विमानात बसवायचं राहून गेलं. दुसऱ्या दिवशी अंघोळ करता करता बाबा म्हणाले, "मला इमानाचं लय भ्या वाटतं, बरं का."

कहर झाला तो सखारामच्या वेळी. तो खाटेपाशी बसून मला हळूच सांगत होता, की वेळ आली तर ओढ्याच्या वाटेनं न्यावं, जवळ पडतं. तेवढ्यात बाबा सुपारी तोंडात टाकत म्हणाले, "ओढ्याकडून जाऊ नका. पाय घसरतील तुमचे."

सखारामच्या हातातली बिडी गळून पडली. "गुरुजीला मनातलं कळायलंय!"

झालं! गावभर बोभाटा. बायका लांबूनच हात जोडायला लागल्या. सखारामनं तर येणंच सोडलं. ("माणसाच्या मनात काय न्‌ काय असतंच की, दादा!") मी मात्र शिकलेला माणूस. हा निव्वळ योगायोग कसा आहे, हे मी सगळ्यांना समजावून सांगितलं. बाबांच्या गळ्यातल्या डबीपासून वीतभर अंतरावर बसून!

एका दुपारी घरात कुणी नसताना बाबांनी डबी काढून माझ्या हातात दिली. "कालपासून आवाज येईना. सेल संपलेत वाटतं."

"आणतो," म्हणून मी उठलो आणि उंबऱ्यातच थबकलो. सेल संपले? दुकानातून नवे सेल आणून डबीत घातले, ती त्यांच्या गळ्यात अडकवली आणि अगदी हळू विचारलं, "कधीपासून ऐकू येतंय, बाबा?"

"पहिल्या दिवसापासून."

"मग न्हाई का म्हणालात?"

"हो म्हणलो असतो, तर तुमी सगळे गप झाले असते." त्यांनी खिडकीबाहेर बघितलं. "लय वर्षांनी घरात माणसं बोलायलीत रे. काय का बोलंनात, कानावर तर पडायलंय."

मी त्यांच्या कानातली वायर उगीचच नीट केली.

"मायला सांगू नको," ते म्हणाले. "माझ्याजवळ बसून मोकळी रडती ती. मला ऐकू येतंय हे कळलं, तर तेवढं बी बंद करील." मग जरा सरकून त्यांनी मला खाटेवर जागा दिली. "आता तू बोल."

इतकी वर्षं मी त्यांच्याशी फक्त ओरडलो होतो: जेवलात का, औषध घेतलं का! आता पुटपुटलो तरी ऐकू जाणार होतं, आणि जगाला बोलायला शिकवणाऱ्या मास्तरला शब्द फुटेना. बाबा बराच वेळ माझं न बोलणंच ऐकत राहिले. मग माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "असू दे."

पोळ्यानंतर बाबा गेले. ओढ्याकडून नेलं नाही.

पुण्यानुमोदनाच्या शोकसभेला सगळं गाव जमलं. बुद्धवंदना झाली, दोघंतिघं गुरुजींबद्दल बोलले. शेवटी सखाराम उठला. त्याला रडू आवरेना. "गुरुजी लय मोठा माणूस," तो म्हणाला. "पोराचं मन मोडू नये म्हणून ती बिनकामाची डबी शेवटपर्यंत गळ्यात वागवली! आन्‌ पोरगं इंजिनियर!"

सगळे माझ्याकडं वळून बघायला लागले. माय माझ्या शेजारीच बसली होती. मी मान खाली घालून म्हणालो, "खरंय. मला काय ते जमलं न्हाई."