माझ्या राजीनाम्याचा सौदा

"हे बीट सोडा," मी म्हणालो.

"काऊन? दिसाले तर राजावानी दिसून राह्यलं."

"पोटात पोकळ हाय. तीन नग तरी फसवतीन."

माझ्या मालकांनी, हबीबभाईंनी, पुढे काही विचारलं नाही. कागदावरच्या त्या आकड्यावर काट मारली आणि पुढच्या रांगेकडे वळले. आलापल्लीच्या सरकारी लाकूड डेपोत सकाळचे दहा वाजले होते. तासाभरात लिलाव सुरू होणार होता. माझ्या शर्टाच्या खिशात चार घड्या घातलेला राजीनामा होता.

आमचा धंदा थोडक्यात सांगतो. जंगलातून तोडून आणलेला साग डेपोत लांबी-जाडीप्रमाणे रचून ठेवतात. अशा एका रचलेल्या ढिगाला बीट म्हणतात आणि त्यातल्या एका ओंडक्याला नग. लिलाव बिटाचा होतो. एक एक नग निवडून घेता येत नाही. म्हणून लिलावाआधी खरेदीवाला डेपोत फिरतो, टेपने घेर मोजतो, दोन्ही टोकं पाहतो, हातोडी मारून आवाज ऐकतो. भरीव लाकूड टणकन बोलतं, पोकळ लाकूड बद बोलतं. मग कापल्यावर किती चांगला माल निघेल याचा अंदाज बांधायचा. त्याला आम्ही रिकव्हरी म्हणतो. अंदाज चुकला की मालक बुडतो.

हबीबभाईंची चंद्रपूरला लाकूड कापायची आरामशीन होती. त्यांच्यासाठी हे काम मी अकरा वर्षं केलं. मी चामोर्शीकडच्या एका खेड्यातला. घरी धानाची शेती, ती भावांनाच पुरत नव्हती. बारावी नापास झाल्यावर मी डेपोत टेपचं टोक धरायला लागलो आणि तिथून ऐकत ऐकत लाकूड शिकलो. कोणी शिकवलं नाही. लिलावाआधी तीन-तीन दिवस एकटा बिटांमधून फिरायचो. दुपारी डेपोत चिटपाखरू नसायचं. ताज्या सागाचा वास, हातोडीचा आवाज आणि मी. त्याहून चांगली नोकरी असू शकते असं मला तेव्हा वाटत नव्हतं, आजही वाटत नाही.

तक्रार वेगळी होती. बाहेरचा व्यापारी आला की हबीबभाई माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणायचे, "हा आपला माणूस." नाव नाही, हुद्दा नाही. पगाराचा विषय काढला की तेच. "अरे वासुदेव, तू तो अपना आदमी. आपल्या माणसाशी कोणी भावताव करते का?" चहा मागवायचे. चहा संपेपर्यंत विषयही संपलेला असायचा. मी डेपोतल्या भल्याभल्या व्यापाऱ्यांशी भांडून भाव पाडलेला माणूस, पण या एका वाक्यापुढे माझी बोलती बंद व्हायची.

बायको म्हणायची, "लाकडाचं पोट कळते तुम्हाले, मालकाचं नाई कळत."

त्याच सुमारास बाहेरदेशचा साग बंदरात उतरायला लागला होता. व्हिनियर बनवणाऱ्या एका कंपनीचे देसाई साहेब चंद्रपूरला आले. व्हिनियर म्हणजे ओंडक्यातून काढलेला कागदासारखा पातळ पापुद्रा, प्लायवूडवर चिकटवतात तो. त्यांना कच्छमधल्या गांधीधामच्या यार्डासाठी लाकूड ओळखणारा माणूस हवा होता. परचेस मॅनेजर. कार्ड, टेबल, फोन. साहेबांनी पगार किती हवा विचारलं तेव्हा मी मन घट्ट करून माझ्या पगाराच्या दुप्पट आकडा सांगितला. साहेब म्हणाले, "त्यावर हजार जास्त देऊ." मी चेहरा हलू दिला नाही. घरी येताना सायकलवर एकटाच हसत होतो. बारावी नापास माणसाने कंपनीचा साहेब वाकवला होता.

पण मला जायचं नव्हतं. हे आज स्पष्ट लिहितो. तेव्हा बायकोलाही सांगितलं नव्हतं. माझा बेत साधा होता. राजीनामा ठेवायचा. हबीबभाई म्हणणार, थांब. मग मी पगार मागणार, मॅनेजर हा हुद्दा मागणार आणि आरामशिनीच्या ऑफिसात स्वतःचं टेबल मागणार. टेबल नसतं मिळालं तरी चाललं असतं.

लिलाव दोनपर्यंत चालला. आम्हाला हवी होती ती चारही बिटं मिळाली. फाटकाबाहेर मोहाच्या झाडाखाली अनसूयाबाईची चहाची टपरी होती. तिथल्या बाकावर बसल्यावर मी कागद काढून दिला.

हबीबभाईंनी तो हात लांब करून वाचला. घडी घातली.

"कवापासून?"

"एक तारखेपासून."

"ठीक हाय."

मी गप्प बसलो. भाव बोलून झाला की गप्प बसायचं, जो आधी बोलेल तो हरला, हा धंद्याचा नियम. पण तो मी त्यांच्याकडूनच उचलला होता. तेही गप्प. अनसूयाबाईने चहा आणून ठेवला. चहा संपला. समोरून एक ट्रक भरून गेला. त्याची धूळ खाली बसली.

"तुम्ही काही बोलून नाई राह्यले," मीच म्हणालो.

"काय बोलू? जागा चांगली हाय. मोठा होशीन."

"अकरा वर्षं केली मी इथी!"

"मग? मी नाई म्हटलं का?"

"एक शब्द तर बोलाचा होता! भाव तर करून पाहाचा होता!"

"घरच्या माणसाचा भाव कसा करू मी, वासुदेव?"

तिथे माझं डोकं फिरलं. मी उठून उभा राहिलो. "घरचा, घरचा! घरच्याले फुकटात राबवाचं, अन् गेला तर गेला! ठेवा तुमचा डेपो, तुमची आरामशीन! आता मारा जी तुम्हीच हातोडी!" टपरीवर पाच-सहा व्यापारी बसले होते. सगळे ग्लास हातात धरून बघत होते. अनसूयाबाई म्हणाली, "अरे भाऊ, हळू. मालक हायेत ते." हबीबभाई उठले. चहाचे पैसे देऊन जीपकडे गेले. जीपमध्ये बसून माझी वाट पाहत राहिले. मी एस.टी.ने आलो.

एवढं चारचौघांत बोलल्यावर राहायची वाट मीच बंद केली होती. एक तारखेला गांधीधामला गेलो.

तिथे चूक काढावी असं काहीच नव्हतं. पगार वेळेवर. कार्डावर नाव, नावाखाली हुद्दा. लाकूड मात्र जहाजातून यायचं. टोकांना मेण फासलेलं, नंबर रंगवलेले. सौदा आधीच फॅक्सवर ठरलेला. यार्डात हातोडी मारायला माझ्या हाताखाली दोन माणसं होती. मी टेबलावर बसून त्यांचे रिपोर्ट वाचायचो. खिडकीतून मिठाचे ढीग दिसायचे. मुलांच्या शाळेपायी बायको चंद्रपूरलाच होती. रविवारी खोलीत बसलो की दिवस सरायचा नाही. ऑफिसात हिंदी, बाजारात कच्छी. महिनेच्या महिने माझ्या तोंडून 'काऊन' निघालं नाही. म्हणायला समोर माणूस तर हवा.

वर्षभराने देसाई साहेब यार्ड पाहायला आले. रिपोर्ट बघून खूश झाले आणि म्हणाले, "तुमचे जुने शेठ बरोबर बोलले होते."

"कोण शेठ?"

"हबीबभाई. तुम्हाला भेटण्याआधी मी त्यांनाच फोन केला होता. ते म्हणाले, घेऊन जा. फक्त तो मागेल त्यावर हजार जास्त द्या, तो स्वतःसाठी कमीच मागतो."

साहेब दुसरं काहीतरी सांगायला लागले.

जेवणाच्या सुट्टीत मी एस.टी.डी. बूथवर गेलो. वर्षभरात मी त्यांना फोन केला नव्हता, त्यांनीही नाही. पलीकडे आरामशिनीचा आवाज येत होता.

"वासुदेव बोलून राह्यलो."

"बोल. जेवला का?"

"माझ्या पगारात तुम्ही काऊन पडले?"

ते म्हणाले, "देसाईनं सांगितलं का? साला, पोटात ठेवता नाई आलं त्याले."

"माझं मी मागितलं असतं!"

"अकरा वर्षं मले काय मागितलं तू? चहा पिऊन जात होता. लाकडासाठी भांडता येते तुले, आपल्यासाठी नाई येत."

"तर तुम्ही द्याचं होतं."

"माझ्याकडं होतं किती, वासुदेव? बाहेरचा माल आला. दोन वर्षात ही मशीन बंद होईन. तुले इथी मॅनेजर करून काय बसवू, भुशावर?"

मीटरचे आकडे पळत होते. शेवटी जे टपरीवर म्हणायला हवं होतं ते म्हणालो. "एकदा थांब तर म्हणाचं होतं."

"थांबला असता?"

"थांबलो असतो."

"म्हणून नाई म्हटलं," हबीबभाई म्हणाले. मग कोणीतरी त्यांना हाक मारली आणि त्यांनी फोन ठेवला.

दोन नाही, तीन वर्षं चालली आरामशीन. नंतर विकली. मी गांधीधामला टिकलो, बढतीही झाली, मुलं शिकली. लोक म्हणतात तो निर्णय बरोबर होता. असेल. रिकव्हरी चांगली निघाली, हे मी नाकारत नाही.

पण राग गेलेला नाही. नोकरी सोडू पाहणाऱ्यांना माझा एकच सल्ला आहे. राजीनामा द्यायचा तर जाण्यासाठी द्यावा. थांबायचं असेल तर मला थांबायचं आहे असं तोंडाने सांगावं, दुसऱ्याच्या तोंडून ते वदवून घ्यायला जाऊ नये. आणि हबीबभाईंबद्दल एवढंच म्हणेन की त्यांनी माझं भलं केलं, पण सौदा केला नाही. दोन्ही बाजूंनी एकच माणूस बोलला, तर त्याला आमच्या धंद्यात सौदा म्हणत नाहीत.