केसाएवढी रेघ

आज रोह्याला लेकीचा चष्मा आणायला गेले. शेजारच्या दुकानात गणपती रंगवत होते. त्या ओल्या रंगाचा वास आला आणि माझं डोकं तापलं.

आईच्या एकटीच्या मजुरीत आमचं भागत नव्हतं. म्हणून शाळा सुटली की मीही पेणच्या कारखान्यात तिच्याशेजारी बसून गणपतीचे डोळे आखायचे. मूर्ती अगदी नाकाशी धरायचे. शाळेत मात्र फळ्यावर नुसता खडूचा धूर दिसायचा. चष्मा मागितला, तर कारखान्यातच कामाला असलेली आत्या सगळ्यांदेखत हसली.

"केसाएवढी रेघ आखते, न् फळा दिसत नाय? नाटकं हायत गो वयनी हिची! मोठी झाली की नजर आपोआप सुधारंल. चष्मेवालीला बायको करणार कोण?"

आपोआप! वाट बघण्यात नंबर वाढत गेला आणि मी नववीत नापास झाले. लांबचं न दिसणाऱ्याला जवळचं दिसतंच, हे सांगणारं कुणी नव्हतं. सगळे माझ्या रेघेचं कौतुक करायचे आणि तीच रेघ माझ्या तोंडावर मारायचे!

शेवटी आईनं ब्रश खाली ठेवला. "माझी पोर खोटं नाय बोलत," म्हणाली आणि मला डॉक्टरकडे घेऊन गेली.

तो नंबर आजही गेलेला नाही. पण चष्मा लावून मी बी.ए. झाले, आमच्या घरातली पहिली.