शहजादी

अहमदपूरला बसमध्ये चढलेल्या एक आजी माझ्या शेजारी बसल्या. ओढणीच्या टोकाने मोबाईल पुसला आणि काही ओळख नसताना मला फोटो दाखवू लागल्या.

"लेकाकडं मस्कतला गेले होते बेटा."

फोटोंत मस्कत नव्हतंच. गाडीच्या टपावर, मशिदीच्या पायरीवर, मासळीच्या टोपलीपाशी, जिथे तिथे मांजरं. मग अहमदपूरच्या स्टँडवरची कुत्री, एक तर मजेत जांभई देणारं. सगळी थेट आजींकडे बघत होती. माझा जळफळाट झाला. मी महागडा कॅमेरा गळ्यात अडकवून लातूरभर हिंडते, तरी माझ्या वाट्याला शेपट्याच येतात. घरची मांजर चिंगीसुद्धा कॅमेरा दिसला की पाठ फिरवते.

आजींनी बोट सरकवलं आणि समोर चिंगीच आली! कानाचा तोच तुटका कोपरा. पोट उघडं टाकून उताणी पडलेली, डोळे लाडाने किलकिले केलेले.

"ही लातूरची, बहिणीच्या गल्लीतली. लई गुणाची हाय. मी शहजादी म्हणते हिला. कुणीच न्हाई बिचारीला, म्हणून गेले की दूध घालते."

ती माझी आहे, हे मी सांगितलंच नाही. सांगून विश्वास कोण ठेवणार?

घरी आले तेव्हा चिंगी खिडकीत पाठमोरी बसली होती. मी कॅमेरा डोळ्याला लावला आणि हळूच हाक मारली, "शहजादी."

ती गर्रकन वळली, आणि माझ्या मागे दारात कोण आलंय ते बघू लागली.