आखाड्याभोवतीची झाडी

निलंग्याजवळच्या एका गावात धोंडप्पा शेतातच घर बांधून राहत. तिकडं शेतातल्या अशा घराला आखाडा म्हणतात. बायको गेल्यावर रिकामपण खायला उठलं, तेव्हा त्यांनी आखाड्याभोवती जास्वंद, शेवगा, सीताफळ, कढीपत्ता असं मिळेल ते लावलं. बघता बघता त्याची दाट झाडी झाली. सुकन्या आणि गौरा या दोन्ही नाती शाळेतून आल्या की दप्तर टाकून आज्जाला तिथंच ओढून न्यायच्या.

कढीपत्त्यावरची हिरवी अळी सुकन्यानं एकदा बरणीत ठेवली. रोज ताजा पाला घातला. तिचं फुलपाखरू झालं, तेव्हा झाकण कुणी काढायचं यावरून बहिणी-बहिणी भांडल्या. सरडा मान हलवायला लागला की सुकन्याही त्याच्यासमोर बसून तशीच मान हलवायची.

"आज्जा, त्याला वाटत असंल, ही आपल्यातलीच हाय."

धोंडप्पा डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसत. दारातून सून ऋतुजा म्हणायची, "मामा, अभ्यास राहिलाय तिचा."

सोयाबीन घरात आलं त्या दिवसांत पोत्यांमागं उंदीर लई झाले. सगळे जमिनीवरच निजायचे. एका पहाटे सुकन्या पोट दुखतंय म्हणत उठली. ऋतुजानं ओवा दिला. थोड्या वेळानं पोरीच्या पापण्या उघडेनात, जीभ जड झाली. बाप सुदर्शननं तिला मोटारसायकलवरून निलंग्याला नेलं, तिथून गाडीनं लातूरला. वाटेतच ती गेली. मण्यार चावली असणार, असं डॉक्टर म्हणाले. या सापाचे दात इतके बारीक असतात की झोपेत चावलेलं कळतही नाही.

पाहुणे परतल्यावर ऋतुजा सासऱ्यासमोर येऊन उभी राहिली. "मामा, ही झाडी मला डोळ्यासमोर नको."

साप उंदरांच्या मागं पोत्यांत आला होता, हे धोंडप्पांना कळत होतं. तरी ते कुऱ्हाड घेऊन तोडत सुटले. सुदर्शन मदतीला आला, तर त्याला माघारी पाठवलं. शेवटी दारासमोरची जास्वंद तेवढी राहिली. तिच्या फांदीला शिंजीर पक्ष्याचं इवलंसं घरटं लोंबत होतं.

"आत पिल्लं हायत," ते सुनेला म्हणाले. "उडाली की तोडतो."

ऋतुजानं घरट्याकडं पाहिलं आणि ती तिथंच मातीत बसली. पोरगी गेल्यापासून ती रडली नव्हती. आता तिला आवरणं कुणालाच जमेना.

पिल्लं उडाली. धोंडप्पांनी शब्द पाळला.

मग आखाडा उघडाबोडका झाला. गौरा अंगणात येईना. सुकन्याला पुरलं होतं त्या बांधाकडं तोंड करून धोंडप्पा दुपारभर बसून राहत. घरात कुणी कुणाला दोष दिला नाही, पण जेवताना कुणी बोलतही नव्हतं.

होळीच्या सुमारास एका संध्याकाळी गौरा चुलीजवळ येऊन म्हणाली, "आई, शाळंच्या तारंवर हिरवा पक्षी होता. त्यानं उडता उडताच माशी धरली. काय म्हणतात त्याला?"

ऋतुजाचा भाकरी थापणारा हात थांबला. ती म्हणाली, "आज्जाला इचार."

धोंडप्पा ओसरीवर ऐकत होते. "वेडा राघू," ते म्हणाले. गौरा बाहेर येऊन त्यांना टेकून बसली. आत भाकरी थापल्याचा आवाज पुन्हा सुरू झाला.